विनी कॅफर्कीची सावड

विनी कॅफर्कीला कॅरोबेगमध्ये गरीब गाय कुणी म्हटलं नाही. म्हटलं असतं तर तिनं त्याला तिथल्या तिथे फैलावर घेतलं असतं. अंगानं शिडशिडीत, डोक्याला कायम रुमाल, चालणं असं की सोबतच्याला पळावं लागायचं. बोलायला लागली की समोर पाद्री आहे की पोलीस, हे बघायची नाही. तिचा नवरा ऑस्टिन वर्षातले सात-आठ महिने इंग्लंडात रस्त्याच्या कामावर असायचा. नाताळला यायचा, दलदलीतलं टर्फ, ती चुलीत जाळायची काळी माती, कापून होईपर्यंत राहायचा आणि पुन्हा बोट पकडायचा. त्या काळी आमच्या मेयो जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला बहुतेक घरांची हीच तऱ्हा होती. घरात बाई, चार पोरं, दोन गाई आणि खाडीच्या वाऱ्यात उभं असलेलं बटाट्याचं वावर. सगळं बाईनं बघायचं, आणि सरकारदरबारी मात्र तिनं कुणाची तरी बायको असायचं.

मुलांचा भत्तासुद्धा तेव्हा बापाच्या नावानं निघायचा. बाप बर्मिंगहॅमला खड्डे खणतोय, पोरांची नाकं इथं आई पुसतेय, तरी हक्क बापाचा. ऑस्टिननं लिहून दिलं होतं म्हणून विनीला तो पोस्टात मिळायचा. पोस्टवाली डेलिया मॅन्गन दर महिन्याला "मिसेस ऑस्टिन कॅफर्की" असं पुकारायची, आणि दर महिन्याला विनीच्या कपाळावर आठी पडायची. नवऱ्यावर तिचा राग नव्हता, माणूस सरळ होता. पण आपल्याला स्वतःचं नाव आहे हे कुणाच्या तरी लक्षात यावं, एवढं तिला वाटायचं.

तिच्या घरामागून एक ओढा जातो. ओढ्यावर एक फळी, आणि फळीपलीकडे मायल्स गिन्टीचं घर. मायल्सनं ऐंशी ओलांडली होती. लग्न केलं नाही, भाऊबंद उरला नाही. तुमच्याकडे सावड असते ना, दिवसाला दिवस, आज तू माझ्या वावरात, उद्या मी तुझ्या, तशी कॅरोबेगचीही होती आणि मायल्स त्या सावडीचा राजा होता. टर्फ कापायला, गवत रचायला, छप्पर शाकारायला तो गावात सगळ्यांच्या दारी गेला होता. त्याच्या अंगावर कुणाचा एक दिवस राहिला आहे, असं म्हणणारा माणूस गावात नव्हता. कुणी पसाभर मीठ दिलं तरी तिसऱ्या दिवशी त्याच्या घरून काहीतरी यायचंच.

त्याला कारण होतं. तो स्वतः कधी बोलला नाही, पण गावाला ठाऊक होतं. बाप गेल्यावर एका हिवाळ्यात त्याची आई मदत मागायला गेली, तेव्हा अधिकाऱ्यानं सांगितलं की बाहेर राहून काही मिळणार नाही, मिळेल ते गरीबखान्याच्या भिंतीच्या आत. ती दोन मुलांना घेऊन आत गेली. तिथं आईला एका बाजूला ठेवलं, मुलांना दुसऱ्या. वसंतात ती बाहेर आली तेव्हा तिच्याबरोबर एकटा मायल्स होता. पुढे एकोणीसशे तिसाच्या सालांत छोट्या शेतकऱ्यांना बेकारीचा भत्ता सुरू झाला. सगळा गाव आठवड्याला पोलीस चौकीत जाऊन सही करून यायचा आणि त्यात कुणाला काही वावगं वाटायचं नाही. मायल्स गेला नाही. सत्तर झाल्यावर पेन्शन मात्र त्यानं घेतली, आणि ती कशी, तर शुक्रवारी दाढी करून, प्रार्थनेला घालायची हॅट घालून. इतकी वर्षं जगल्याचा तो मान आहे, असं तो म्हणायचा.

विनी त्याच्याकडे सकाळी जायची ते कधीपासून, हे तिलाही सांगता आलं नसतं. चूल पेटवायची, पाणी भरायचं, दुपारी बटाटे-कोबीची एक थाळी फळीवरून न्यायची. त्याबद्दल "आभारी आहे" म्हणण्याची आमच्याकडे पद्धत नाही. शेजाऱ्याला असं म्हटलं तर तो दुखावतो, आपल्याला परकं केलं असं त्याला वाटतं. मायल्स तिचे विळे-कोयते परजून द्यायचा, टर्फ वाहायच्या पाठीवरच्या टोपल्या विणून द्यायचा, पेरणीच्या आधी तिच्या बियाण्याचे बटाटे डोळा राखून कापायचा. असं ते चालू होतं आणि त्याविषयी दोघांपैकी कुणी शब्द काढत नसे.

मग एप्रिलमध्ये म्हातारा अंगणात घसरला. हाड मोडलं नाही, पण कंबर गेली. काठी आली, आणि बोटं तर आधीपासूनच संधिवातानं वळलेली होती. टोपल्या थांबल्या. धार लावणं थांबलं. विनीचं काम मात्र दुप्पट झालं. आता त्याला अंथरुणातून उठवायचं, अंग पुसायला पाणी द्यायचं, सदऱ्याची बटणं लावायची. आपली सावड एका बाजूला कलायला लागली आहे हे मायल्सला दिसत होतं. तो गप्प गप्प राहायला लागला.

उन्हाळ्यात नर्स लॅव्हेल तिच्या छोट्या गाडीतून आली. सगळ्या मुलखातली बाळंतपणं, जखमा आणि म्हातारे ती एकटी बघायची. ती विनीच्या स्वयंपाकघरात बसली, चहा घेतला, आणि मग म्हणाली की आरोग्य मंडळानं नवी योजना काढली आहे. म्हाताऱ्या माणसांना घरच्या घरी मदत करणाऱ्या बाईला मंडळ पैसे देणार.

"मी तिथं अशीच जाते की," विनी म्हणाली. "शेजाऱ्याच्या घरी जायचे पैसे कसले घेऊ? लोक तोंडात शेण घालतील माझ्या."

नर्सनं कप खाली ठेवला आणि खरं काय ते सांगितलं. मायल्स एकटा राहतो आणि पडला आहे, हे मंडळाच्या डॉक्टरांना कळलं होतं. नेमलेली मदतनीस नसेल तर त्याला जिल्ह्याच्या वृद्धगृहात हलवतील. आणि ते वृद्धगृह कुठल्या इमारतीत आहे हे विनीला सांगावं लागलं नाही. पाटी बदलली होती, भिंती त्याच होत्या. मायल्सचा धाकटा भाऊ जिथून बाहेर आला नाही, त्याच.

विनीनं सही केली. मायल्ससाठी केली, हे खरं. पण आणखी एक खरं आहे आणि ते विनी कधी लपवायची नाही. पहिलं पाकीट आलं, त्यावर "मिसेस विनिफ्रेड कॅफर्की" असं टाइप केलेलं होतं, आणि ते वाचून तिचा ऊर भरून आला. आतली रक्कम पोरांच्या बुटांपुरती. पण चाळिशीला टेकलेल्या त्या बाईनं आयुष्यभर जे उपसलं होतं, त्याला कुणीतरी पहिल्यांदा काम म्हटलं होतं. तिनं ते पाकीट फाडलं नाही. सुरीनं नीट उघडलं आणि ताटाळ्यावर उभं करून ठेवलं.

मायल्सला सांगायचं मात्र ती टाळत गेली. आज सांगू, उद्या सांगू. विनीसारख्या बाईनं बोलायला टाळावं म्हणजे काय समजायचं ते समजा.

व्हायचं ते पोस्टात झालं. शुक्रवारी पाववाल्याच्या गाडीत बसून मायल्स पेन्शनला गेला. डेलिया मॅन्गन काही वाईट बाई नाही, पण रिकाम्या पोटी राहील, बातमी पोटात ठेवणार नाही. चार लोकांसमोर ती म्हणाली, "काय मायल्स, थाट आहे तुमचा आता. लॉर्डसाहेबांसारखी पगारी बाई ठेवली म्हणे. सरकार पगार देतंय."

लोक हसले. त्यात वाईट भाव नव्हता. मायल्सही हॅटला हात लावून हसला आणि पेन्शन खिशात घालून घरी आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी विनी फळी ओलांडून गेली तर दार बंद. आमच्याकडे दाराचे दोन भाग असतात, वरचा दिवसभर उघडा आणि खालचा कोंबड्या आत येऊ नयेत म्हणून लोटलेला. दिवसाढवळ्या दोन्ही भाग बंद आणि आतून अडसर, असं फक्त घरात माणूस गेलं असेल तर व्हायचं. तिनं दार बडवलं.

"मेलो नाहीये," आतून आवाज आला. "जा तू घरी."

"उघडा की मग. चूल कोण पेटवणार?"

"माझ्या आईनं या घरात मोलकरीण ठेवली नाही. मी पण ठेवणार नाही."

विनी म्हणाली, "मी काल होते तीच विनी आहे, मायल्स."

"काल तू शेजारीण होतीस. तू आलीस की मी कुठंतरी तुझं फेडायचो. हात चालत नसले तरी मनात धरून होतो, हिच्यासाठी अमुक करू, तमुक करू. आता तुझं सगळं सरकारनं फेडून टाकलं. मग मी कोण राहिलो? सांग ना. गरीबखान्यातला एक माणूस. फक्त घर तेवढं माझं."

विनी परत आली आणि दुपारी थाळी घेऊन पुन्हा गेली. ती दगडी कठड्यावर ठेवली. संध्याकाळी बघते तर थाळी तशीच, आणि तिचाच कुत्रा मिशा चाटत बसलेला.

पुढचे दिवस वाईट गेले. म्हातारा भिंतीला धरून धरून हिंडत होता, धुराड्यातून कधी धूर निघायचा, कधी नाही. विनी तिच्या खिडकीतून बघायची आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची. आधी डेलियावर, मग नर्सवर, मग त्या हट्टी म्हाताऱ्यावर, आणि शेवटी स्वतःवर. आपण पहिल्या दिवशीच तोंड उघडलं असतं तर, असं तिला वाटायचं. गावातही तोंडसुख घेणारे निघालेच. फुकट जायची तेव्हा ठीक होतं, पैसे घेतले तर घेतले, पण आता काम न करता घेते, असं बोललेलं तिच्या कानावर आलं. त्या रात्रीच तिनं ठरवलं आणि सकाळी नर्सला रस्त्यात अडवून सांगितलं की माझं नाव काढून टाका.

"काढते," नर्स म्हणाली. "मग मंडळाचे डॉक्टर मोरान त्याच आठवड्यात येऊन त्यांना घेऊन जातील. आणि नाव ठेवलं पण दार उघडत नाही असं मला लिहावं लागलं, तरी घेऊन जातील. ते नोव्हेंबरच्या तोंडाला येणार आहेत. मी फार तर तोवर थांबवते, विनी. पुढे माझ्या हातात नाही."

म्हणजे पैसे घेतले तर मायल्स दार उघडणार नाही, आणि सोडले तर मंडळ त्याला नेणार. दोन्ही वाटा त्याच भिंतीपाशी जाऊन थांबत होत्या. विनीनं पैसे सोडायची तयारी केली होती, पण मनातून तिला ते पटत नव्हतं. आपण काही चोरी केलेली नाही, काम केलं आहे, आणि कामाचं नाव आपलं आहे. ते पाकीट खाली मान घालून परत करायचं, आणि एवढं करून म्हातारा जायचा तो जायचाच. तिला दोन्ही हवं होतं. आणि का नको, असं ती दूध काढता काढता गाईला विचारायची.

ऑक्टोबर आला, बटाटे काढायचे दिवस आले. ऑस्टिन नसताना कॅफर्कींच्या वावरात सावडीला सगळे यायचे. एकदा ते आले की विनीला वावरात उभं राहावंच लागणार. मोठी तिघं शाळेत. राहिली ग्रेटा, पावणेदोन वर्षांची. तिला मोकळं सोडलं तर ओढ्यात जायची आणि बांधून ठेवलं तर शेजारच्या गावापर्यंत ओरडणं ऐकू जायचं. इतके दिवस विनी मायल्सकडे जायची तेव्हा ग्रेटाला काखोटीला मारून न्यायची, एका हातानं पोर आणि एका हातानं चूल. ग्रेटाला खाटेच्या पायाला बांधता बांधता विनीच्या डोक्यात लख्खकन आलं. आपण त्याच्या घरी जातो तेव्हा आपल्या घरी कोण असतं? कुणीच नसतं. सरकारनं त्याच्या घरातलं भोक बुजवलं, आणि तेवढंच भोक आपल्या घराला पाडून ठेवलं. त्याचे पैसे सरकार देत नाही. ते देणं अजून शिल्लक आहे.

तिनं पोरीला उचललं आणि तडक फळी ओलांडली.

"मायल्स," ती बंद दाराला म्हणाली, "काम करायला आले नाही. सावड मागायला आलेय."

आत काठी वाजली. "कसली सावड? माझ्या हातात खुरपं राहत नाही."

"खुरपं नकोच. सकाळी मी तुमच्या घरात असते तेव्हा माझं घर उघडं पडतं. ही कार्टी आहे, चुलीवर भांडं आहे, कोंबड्या आहेत. मी तुमच्या घरी असेन तेवढा वेळ तुम्ही माझ्या घरी बसायचं. तासाला तास. सरकारचा त्यात काही संबंध नाही, सरकारला माझ्या घराचं काही पडलेलं नाही."

"मी पोर सांभाळू?" दारामागचा आवाज चढला. "गाव हसेल, विनी. पुरुषमाणसानं हे काम इथं कधी केलंय?"

"हसू दे. मला मोलकरीण म्हणून हसतातच. तुम्हाला दाई म्हणून हसतील. दोघांवर मिळून हसले तर निम्मं निम्मं वाट्याला येईल."

अडसर निघाला. वरचा भाग उघडला आणि त्यात मायल्स दिसला, दाढी वाढलेली, गाल आत गेलेले. विनीनं ग्रेटाला दारावरून सरळ त्याच्या हातात दिलं. ग्रेटानं त्याच्या दाढीला हात लावून बघितलं आणि ती ओढली.

"हिच्या अंगात तुझंच रक्त आहे," मायल्स म्हणाला.

तेव्हापासून रोज सकाळी असं व्हायला लागलं की विनी आधी जाऊन त्याला उठवायची, धुऊन-पुसून कपडे घालून तयार करायची आणि हात धरून फळीवरून आपल्या घरी आणून सोडायची. मग ती परत त्याच्या घरी जाऊन चूल, झाडलोट, धुणं करायची आणि तो तिच्या घरी चुलीपाशी बसून घर बघायचा. एकदा का खुर्चीत बसला की राजा. पहिल्या दिवशी ओटची लापशी करपली. दुसऱ्या दिवशी ग्रेटानं त्याची हॅट ताकात बुडवली. तिसऱ्या दिवसापासून त्यानं तिच्या कमरेला टोपलीचा पट्टा बांधून दुसरं टोक आपल्या खुर्चीला बांधलं, आणि जुन्या काळच्या बोटी, घोडे, वादळं असं काहीबाही तिला सांगत बसला. ती पोर कुणाचं ऐकत नसे, त्याचं मात्र तोंड उघडं टाकून ऐकायची.

बटाट्याच्या सावडीचे लोक दुपारी जेवायला आत आले तेव्हा मायल्स टेबलाच्या टोकाला उभा होता, एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात पळी. कुणीतरी दाईचा विनोद करायला तोंड उघडलंच होतं.

"आधी हात धू," मायल्स त्याला म्हणाला. "घराला घरपण आहे इथं."

तो हात धुवायला गेला. विनोद राहून गेला. संध्याकाळपर्यंत गावभर झालं की गिन्टी म्हातारा कॅफर्कीच्या घरी सावडीला आहे, आणि सावडीला असलेल्या माणसावर आमच्याकडे हसत नाहीत.

महिनाअखेरीस डॉक्टर मोरान आले, नर्स लॅव्हेलला बरोबर घेऊन. उंच, घाईतले, स्वभावानं वाईट नव्हेत, पण कागदाबाहेर पाऊल टाकायला कचरणारे. ते थेट मायल्सच्या घरी गेले. दार उघडं, चूल पेटलेली, विनी गुडघ्यांवर बसून फरशी घासतेय. पेशंटचा पत्ता नाही.

"मिस्टर गिन्टी कुठं आहेत?" डॉक्टरांनी विचारलं.

विनी उठली. हात पुसले. "कामावर गेलेत," ती म्हणाली.

नर्सनं खिडकीकडे तोंड फिरवलं. डॉक्टरांनी विनीला पुन्हा विचारलं आणि तेच उत्तर पुन्हा ऐकलं. मग तिघंही फळीवरून पलीकडे गेले. मायल्स चुलीपाशी बसला होता, पट्ट्याच्या टोकाला ग्रेटा, गुडघ्यावर सोललेल्या बटाट्यांचं भांडं. डॉक्टर दारात आले तसा तो न उठता म्हणाला, "घरची बाई बाहेर आहे. तिला विचारल्याशिवाय मला कुणाला आत घेता येत नाही."

"मी आहे ना मागे," विनी म्हणाली. "घ्या त्यांना."

डॉक्टर बसले. त्यांनी मायल्सची नाडी बघितली, गुडघे वाकवून बघितले, आणि मग कागद काढून कपाळ चोळत बसले. त्यांची अडचण खरी होती. ते विनीकडे वळून सावकाश म्हणाले की हे गृहस्थ दुसऱ्याचं घर आणि मूल सांभाळण्याइतके धडधाकट असतील, तर त्यांना मदतनिसाची गरज नाही आणि पैसे बंद करावे लागतील. आणि गरज असेल, तर त्यांच्या जिवावर मूल सोडलेलं चालणार नाही, त्यांना एकटं ठेवणंही बरोबर नाही. दोन्हीपैकी एक काहीतरी लिहावं लागेल.

तीच दोन वाटांची भिंत पुन्हा समोर उभी राहिली होती. तरी विनी बोलली. "मदत मिळते म्हणून ते कामावर येतात, डॉक्टर. मदत काढलीत तर अंथरुणातून उठणार नाहीत. आणि काम काढलंत तर मदत घेणार नाहीत. मी दोन्ही करून बघितलंय."

"हे तुम्ही म्हणता," डॉक्टर म्हणाले. त्यांनी मायल्सकडे बघितलं. "तुम्ही सांगा, मिस्टर गिन्टी. तुम्हाला या बाईंच्या मदतीची गरज आहे का?"

या प्रश्नाला मायल्स गिन्टीनं जन्मात हो म्हटलेलं नव्हतं. भुकेनं पोट पाठीला लागलं तेव्हा नाही, चौकीत सगळा गाव रांगेत होता तेव्हा नाही. विनीला वाटलं, आता हा मान ताठ करणार, नाही म्हणणार, आणि त्या एका शब्दानं स्वतःला त्या इमारतीत नेऊन घालणार. तिला त्याचा राग आला नाही. त्याच्याऐवजी हे उत्तर आपल्याला देता येत नाही, एवढंच तिला समजत होतं.

मायल्सनं भांडं बाजूला ठेवलं. पट्ट्याचं टोक हातात नीट धरलं.

"हो," तो म्हणाला. "आहे गरज. माझी बटणं ती लावते. अंग ती पुसते. बूट मला घालता येत नाहीत, बंद तर दूरच. हिनं ते बांधले नाहीत तर मी या खुर्चीपर्यंत येऊ शकत नाही. लिहून घ्या हे. आणि तिला तुम्ही जे देता ते तिच्या घामाचं आहे, त्यात एक पै कमी करायची नाही. मी तिचं जे फेडतो ते आमचं आम्ही बघतो. ते तुमच्या कागदात बसत नसेल तर तुमच्या कागदाला जागा कमी आहे, डॉक्टर. आमच्याकडे भरपूर आहे."

डॉक्टरांनी कागद गुडघ्यावर घेतला आणि लिहिलं, आणि लिहून झाल्यावर मोठ्यानं वाचून दाखवलं, की मदत आवश्यक, घरीच ठेवणे योग्य, पेशंटची दिनचर्या उत्तम, बदल करू नये. नर्स लॅव्हेलनं नाक शिंकरलं. सर्दी झाली आहे म्हणाली.

ते उठून दारापर्यंत गेले होते. तेवढ्यात मायल्सनं हाक मारली. "विनी," तो म्हणाला, "हा डावा सैल झालाय बघ." आणि डॉक्टर, नर्स, सगळे उभे असताना त्यानं पाय पुढे केला. एरवी दार लोटून, पडदा ओढूनच तो हे करू द्यायचा. विनी त्याच्यासमोर जमिनीवर बसली आणि तिनं बूट बांधला, घट्ट, दोन गाठींचा, मान वर ठेवून. वरती मायल्सच्या मांडीवर ग्रेटा चढून बसली होती आणि ती पडू नये म्हणून त्यानं दोन्ही हातांनी तिला धरलं होतं.